किरणांचा मापारी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे अरण्याचे, तसेच धानाचेही. खळ्यावर धानाची रास पडली, की पायली घेऊन मापारी पुढे बसे. धान त्याने पेरलेले नसे, रासही त्याची नसे. परंतु त्याने माप टाकल्यावाचून कोणाच्या वाट्याला किती आले, हे ठरत नसे. विज्ञानाच्या राज्यातही असे मापारी असतात. शोध लावणाऱ्याचे नाव घरोघरी पोहोचते, त्या शोधाचे माप घेणारा मात्र बहुधा पडद्याआड राहतो. क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या राँटगेन यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. ते किरण मनुष्याच्या देहात किती शिरतात, हे मोजण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला, त्या रॉल्फ सीव्हर्ट यांची कथा फारशी कोणी सांगत नाही. नाव मात्र त्यांचे जगातील क्ष-किरण विभागांतून रोज उच्चारले जाते. मनुष्याचे नाव म्हणून नव्हे, तर मापाचे नाव म्हणून.

रॉल्फ मॅक्सिमिलियन सीव्हर्ट यांचा जन्म स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे ६ मे १८९६ रोजी झाला. जन्माचे वर्ष मोठे अर्थपूर्ण होते. त्याच्या आधीच्या नोव्हेंबर महिन्यात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले होते आणि १८९६ च्या आरंभी फ्रान्समध्ये बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून निघणाऱ्या अदृश्य किरणांचा सुगावा लागला होता. रॉल्फ आणि हे नवे विज्ञान जणू एकाच पाळण्यात वाढले.

त्यांचे वडील मॅक्स सीव्हर्ट हे मूळचे जर्मन. ते स्वीडनमध्ये येऊन स्थायिक झाले आणि स्टॉकहोमजवळील सुंडबीबेरी या गावी त्यांनी विजेच्या तारा तयार करण्याचा कारखाना उभारला. विजेचे युग नुकतेच सुरू झाले होते, तारांना मोठी मागणी होती आणि कारखान्याची भरभराट झाली. १९१३ साली वडील वारले, तेव्हा रॉल्फ अवघे सतरा वर्षांचे होते. घरी संपत्ती विपुल होती. एखादा तरुण अशा वेळी पिढीजात कारखान्याच्या गादीवर सुखाने बसला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु या तरुणाचे मन पदार्थविज्ञानात गुंतले होते. स्टॉकहोम व अप्साला येथे त्याने उच्च शिक्षण घेतले आणि शिक्षण संपल्यावर आपल्या विद्येचा व आपल्या पैशाचा उपयोग कोठे करावा, याचा तो शोध घेऊ लागला.

तो शोध त्याला एका रुग्णालयापाशी घेऊन आला. स्टॉकहोममध्ये १९१० साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी ‘रेडियमगृह’ स्थापन झाले होते. तेथे योस्टा फोर्सेल नावाचे नामांकित क्ष-किरण वैद्य काम करीत असत. रुग्णांच्या गाठींवर किरण सोडून त्या नष्ट करण्याचा प्रयत्न ते व त्यांचे सहकारी करीत. या उपचारात एक मोठी अडचण होती. किरण किती द्यावे, हे नेमके सांगता येत नव्हते. किरण कमी पडले तर गाठ तशीच राहणार, अधिक पडले तर भोवतीचे निरोगी मांस जळणार. त्या काळचे वैद्य एक ओबडधोबड माप वापरीत. किरणांनी कातडी लाल झाली, म्हणजे एक मात्रा पुरी झाली, असे ते समजत. भाजले की नाही यावरून चुलीच्या आचेचा अंदाज घ्यावा, त्यातलाच हा प्रकार! कातडी गोऱ्या मनुष्याची एका तऱ्हेने लाल होई, सावळ्याची दुसऱ्या तऱ्हेने. शिवाय ती लाल होईपर्यंत व्हावयाचा तो अपाय होऊन गेलेला असे.

या अज्ञानाची किंमत अनेकांनी प्राणांनी मोजली होती. आरंभीचे क्ष-किरण तंत्रज्ञ नळी नीट चालते की नाही, हे पाहण्यासाठी स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. काही वर्षांनी त्या हातांवर बऱ्या न होणाऱ्या जखमा होत. अमेरिकेत थोर संशोधक एडिसन यांचा क्लॅरेन्स डॅली नावाचा सहायक अशाच जखमांनी पीडित होऊन १९०४ साली मरण पावला. त्या घटनेनंतर एडिसन यांनी क्ष-किरणांवरील प्रयोगच सोडून दिले. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९३६ साली अशा बळी पडलेल्या वैद्य, तंत्रज्ञ व संशोधकांचे स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती. हे सारे किरण देणारे लोक होते. किरण घेणाऱ्या रुग्णांपैकी किती जणांना अपाय झाला, याची कोठे नोंदच नव्हती.

सीव्हर्ट यांनी या कामास वाहून घेतले. प्रारंभी त्यांनी वेतनाची अपेक्षा ठेवली नाही. उलट उपकरणांसाठी घरचाच पैसा खर्च केला. १९२४ साली रेडियमगृहातील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. तेथे त्यांनी जे साधन परिपूर्ण केले, त्याची युक्ती समजण्यास कठीण नाही. क्ष-किरण हवेतून गेले, की हवेचे कण विद्युत्-भारित होतात आणि एरवी विजेस अडवून धरणारी हवा थोडीशी वीज वाहू देते. सीव्हर्ट यांनी एका लहानशा बंद पोकळीत मोजकी वीज साठविली. ही पोकळी किरणांच्या वाटेत ठेवली, की किरणांच्या प्रमाणात तिच्यातील वीज गळून जाई. नंतर ती पोकळी परत आणून आत किती वीज उरली, हे पाहावयाचे. भरलेला घडा गळका झाला, तर उरलेल्या पाण्यावरून गळती किती झाली हे सांगता येते, तसेच हे होय. या पोकळीला तारांचे जंजाळ जोडावे लागत नसे आणि ती आकाराने लहान असल्यामुळे रुग्णाच्या अंगावर हवी तेथे ठेवता येई. आता वैद्य कातडी लाल होण्याची वाट न पाहता आकडा वाचू शकत होते.

साधन तयार झाले, तरी ते प्रयोगशाळेच्या कपाटात राहून काय उपयोग? स्वीडन हा लांबलचक देश. त्याचा उत्तरभाग घनदाट अरण्याचा, विरळ वस्तीचा. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला जशी एक एक वस्ती नद्यांनी आणि रानांनी एकमेकींपासून तुटलेली, तशीच तेथे ती बर्फाने तुटलेली. अशा देशातील रुग्णालयांत बसविलेली यंत्रे एकमेकांशी मुळीच जुळत नसत. एकच आकडा लावला असता एका गावचे यंत्र थोडे किरण देई, तर दुसऱ्या गावचे पुष्कळ. सीव्हर्ट व त्यांचे सहकारी मोजमापाची उपकरणे घेऊन रुग्णालयोरुग्णालयी जाऊ लागले. यंत्र तपासावे, त्याची नोंद करावी, भिंतीपलीकडे किरण गळतात काय ते पाहावे, तंत्रज्ञ कोठे उभा राहतो ते पाहावे, असे हे काम. त्यात कीर्ती नव्हती. एखादा नवा किरण शोधून काढण्यापेक्षा जुन्या यंत्राचे माप जुळविणे कित्येकांना क्षुल्लक वाटले असेल. तथापि स्वीडनमधील रुग्णांना त्याचा जो लाभ झाला, तो एखाद्या मोठ्या शोधाहून कमी नव्हता.

१९२८ साली क्ष-किरण तज्ज्ञांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद स्टॉकहोम येथेच भरली. तेथे दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. किरण मोजण्यासाठी सर्व देशांनी मिळून एक माप मान्य केले व त्यास ‘राँटगेन’ हे नाव दिले. तसेच क्ष-किरण व रेडियम यांच्यापासून मनुष्याचे रक्षण कसे करावे, हे ठरविण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली. बत्तीस वर्षांचे सीव्हर्ट या समितीत होते. तीच समिती पुढे वाढून आजचा आंतरराष्ट्रीय विकिरण-संरक्षण आयोग झाला. १९३७ साली ते कॅरोलिन्स्का या विख्यात वैद्यकीय संस्थेतील विकिरण-भौतिकी विभागाचे प्रमुख झाले. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, १९४१ साली, स्वीडनने किरणांपासून संरक्षण देणारा कायदा केला. जगातील अशा अगदी पहिल्या कायद्यांपैकी तो एक होता आणि त्यामागे सीव्हर्ट यांचे वर्षानुवर्षांचे श्रम होते.

युद्ध संपले ते अणुबाँबच्या स्फोटांनी. त्यानंतर अणुबाँबच्या चाचण्या होऊ लागल्या व त्यांची धूळ वाऱ्याबरोबर देशोदेशी पसरू लागली. आता किरणांचा प्रश्न रुग्णालयापुरता उरला नाही. सीव्हर्ट यांनी आपली दृष्टी विस्तारली. माती, खडक, घराच्या भिंती, आकाश यांपासून मनुष्यास निसर्गतःच किती किरण मिळतात, याचे मोजमाप त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी केले. मनुष्याच्या स्वतःच्या देहातूनही अत्यल्प किरण बाहेर पडतात, कारण अन्नातून येणाऱ्या पोटॅशियमचा एक लहानसा अंश किरणोत्सारी असतो. ते किरणही मोजता येतील इतकी सूक्ष्म उपकरणे त्यांनी बनविली. १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १५ देशांची शास्त्रीय समिती नेमली. स्वीडन व भारत हे दोन्ही देश तिचे आरंभापासूनचे सभासद. या समितीचे अध्यक्षपद सीव्हर्ट यांनी काही काळ भूषविले. १९५६ ते १९६२ या काळात ते आंतरराष्ट्रीय विकिरण-संरक्षण आयोगाचेही अध्यक्ष होते.

याच काळात एक विचार करावयास लावणारी गोष्ट उजेडात आली. इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट या विदुषीने कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या मातांकडे बारकाईने चौकशी केली. १९५६ व १९५८ साली तिने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गरोदरपणी ज्या मातांच्या पोटाची क्ष-किरण चित्रे काढली गेली होती, त्यांच्या मुलांत हा रोग अधिक आढळला होता. प्रथम पुष्कळांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे इतर ठिकाणीही तसेच आढळले, तेव्हा वैद्यांना मान्य करावे लागले, की कोवळ्या देहासाठी थोडी मात्राही विचारपूर्वक द्यावयास हवी.

३ ऑक्टोबर १९६६ रोजी सीव्हर्ट स्टॉकहोम येथे निधन पावले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७९ साली, वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने किरणांच्या एका मापाला त्यांचे नाव दिले. किरणांनी देहाच्या दर किलोग्रॅममागे किती ऊर्जा सोडली, हे ‘ग्रे’ या मापाने सांगतात; त्या ऊर्जेपासून देहास कितपत अपाय संभवतो, हे ‘सीव्हर्ट’ या मापाने सांगतात. एक सीव्हर्ट ही फारच मोठी मात्रा होय. म्हणून व्यवहारात तिचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसीव्हर्ट, वापरतात. जगातील मनुष्यास निसर्गाकडून वर्षाला सरासरी २·४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्रातून मिळणारी मात्रा ही निसर्गाच्या अवघ्या काही दिवसांच्या मात्रेइतकी अल्प असते. डोक्याच्या सी.टी. तपासणीत मात्र सुमारे २ मिलिसीव्हर्ट मिळतात. यावरून दोन्ही तपासण्या सारख्याच समजणे किती चुकीचे आहे, हे ध्यानी येईल. जरूर असताना चित्र काढण्यास भिण्याचे कारण नाही. मोडलेले हाड न पाहता तसेच बांधले, तर त्याचा अपाय किरणांच्या अपायाहून कितीतरी मोठा असतो.

परंतु लहान मुलांच्या बाबतीत हे माप कसे घ्यावे, हा प्रश्न सीव्हर्ट यांच्या पुढच्या पिढ्यांना सोडवावा लागला. घरातील आजी बाळाला गुटी देते, तेव्हा हिरडा, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळताना वळसे मोजते. महिन्याच्या बाळाला एखादाच वळसा, वाढत्या बाळाला थोडे अधिक. मोठ्या मनुष्याचा काढा ती तान्ह्याला कधी पाजीत नाही. क्ष-किरणांच्या बाबतीत हे शहाणपण वैद्यांना जरा उशिराच सुचले. मुलाच्या देहातील पेशी झपाट्याने वाढत व विभागत असतात, म्हणून किरणांचा परिणाम त्यांच्यावर अधिक होतो. शिवाय मुलापुढे सारे आयुष्य पडलेले असते, आणि किरणांचा दुष्परिणाम दिसून येण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. त्यातच मुलाचा देह बारीक. मोठ्या मनुष्यासाठी लावलेले यंत्र तसेच चालविले, तर आतील इंद्रियांपर्यंत कितीतरी जास्त किरण पोहोचतात.

मात्रा मोजावयाची तर मुलाच्या फुप्फुसात किंवा हाडाच्या मगजात मापनयंत्र ठेवता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी मुलाच्या जागी त्याची प्रतिकृती ठेवली. तिला ‘फँटम’ असे म्हणतात. मनुष्याचा देह बहुतांशी पाण्याचा बनलेला असल्यामुळे आरंभीच्या संशोधकांनी पाण्याने भरलेली पेटीच देह म्हणून वापरली. पुढे पारदर्शक प्लास्टिकची गोल, भरीव वृत्तचिती आली. सी.टी. यंत्रांसाठी ती दोन आकारांत असते : डोक्यासाठी १६ सेंटीमीटर व्यासाची आणि मोठ्या मनुष्याच्या धडासाठी ३२ सेंटीमीटर व्यासाची. याहून पुढची पायरी म्हणजे मनुष्याकृती फँटम. त्यात हाडाच्या जागी हाडासारखा, फुप्फुसाच्या जागी फुप्फुसासारखा आणि मांसाच्या जागी मांसासारखा पदार्थ भरलेला असतो. पावाच्या कापांप्रमाणे त्याचे काप वेगळे होतात. कापांमध्ये पाडलेल्या छिद्रांत लहान स्फटिक ठेवतात. किरण पडले, की हे स्फटिक त्यांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि नंतर तापविले असता त्या प्रमाणात मंद प्रकाश देतात. त्या प्रकाशावरून कोणत्या इंद्रियास किती मात्रा मिळाली, हे कळते. नवजात बालक, एक वर्षाचे मूल, पाच वर्षांचे, दहा वर्षांचे, पंधरा वर्षांचे, अशा निरनिराळ्या वयांच्या प्रतिकृती करण्यात आल्या. आता तर अशा प्रतिकृती संगणकातही रचतात.

या पुतळ्यांनी एक मोठी चूक दाखवून दिली. सी.टी. यंत्राच्या पडद्यावर जो आकडा उमटतो, तो मुलाचा नसतोच. तो प्लास्टिकच्या चितीचा असतो. बारीक अंगाच्या मुलाचे पोट तपासताना यंत्राने ३२ सेंटीमीटरच्या चितीचा हिशेब धरला, तर खरी मात्रा पडद्यावरील आकड्याच्या दुपटीहून अधिकही असू शकते. म्हणून २०११ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांनी रुग्णाच्या देहाची रुंदी व जाडी पाहून तो आकडा दुरुस्त करण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. मात्रेचा अंदाज म्हणजे केवळ यंत्राचे वाचन नव्हे, तर ज्याला मात्रा दिली त्याच्या देहाचेही माप, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

भारतात क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानशी पट्टिका लावलेली दिसते. तिच्यातही किरण साठविणाऱ्या पदार्थाच्या चकत्या असतात. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या पट्टिका १९७५ पासून वापरात आल्या. ठरावीक मुदतीने त्या तपासणीसाठी पाठवितात आणि तंत्रज्ञास मिळालेली मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये लिहून येते. तंत्रज्ञाच्या छातीवर पट्टिका असते. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या छातीवर ती नसते. त्याची पट्टिका म्हणजे तो दूरच्या प्रयोगशाळेतील प्लास्टिकचा पुतळा.

गडचिरोलीसारख्या प्रदेशात हा हिशेब विशेष जपून करावा लागतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील या भागात अनेक कुटुंबांत आढळतो. तो झालेल्या मुलाच्या हाडांत व छातीत वारंवार वेदना उठतात आणि वारंवार चित्रे काढण्याची वेळ येते. एका चित्राची मात्रा अल्प खरी. पण वर्षानुवर्षे तिची बेरीज होत जाते. भामरागडाकडील मुलाला पर्लकोटेचा पूर ओसरल्यावर अहेरीस न्यावे, तेथून गडचिरोलीस, तेथून चंद्रपुरास किंवा नागपुरास न्यावे, आणि आधीचे चित्र घरीच विसरल्यामुळे दर मुक्कामी नवे काढावे, असे झाले तर ती बेरीज विनाकारण फुगते. चित्र काढताना मूल हलले, तरी तेच. म्हणून कुशल तंत्रज्ञ आधी मुलाशी दोन शब्द बोलून त्याची भीती घालवितो, किरणांची झडप हव्या तेवढ्याच भागापुरती आवळतो, मुलाची जाडी पाहून आकडे लावतो आणि पहिल्याच प्रयत्नात चित्र साधतो.

याच जिल्ह्यात एक वेगळा प्रयोगही झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ च्या सुमारास खेड्यांतील साध्या स्त्री-पुरुषांना मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. तेथे क्ष-किरण यंत्र नव्हते व जवळपास मिळण्याजोगेही नव्हते. या कार्यकर्त्यांनी मुलाचे श्वास मोजले. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतचे खोकणारे मूल मिनिटास पन्नास किंवा अधिक श्वास घेऊ लागले, किंवा एक ते पाच वर्षांचे मूल चाळीस किंवा अधिक, की न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे. बालमृत्यू त्यामुळे घटले आणि १९९० साली ही हकीकत ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

अर्थात श्वास मोजून मोडलेले हाड दिसत नाही, डोक्यास लागलेला मारही कळत नाही. तेथे यंत्र लागतेच. नव्या सी.टी. यंत्रांत प्रत्येक तपासणीची मात्रा आपोआप नोंदली जाते. ती नोंद मुलाच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवता येते, आणि पुढच्या रुग्णालयातील वैद्य मुलाच्या अंगाचे माप घेऊन तिचा हिशेब पुरा करू शकतात.